राजा पालथाच होता, दादा

दादा, तुझ्या शोकसभेत तुझ्यापेक्षा इंग्रजांच्या राजाचा फोटो मोठा होता. साताऱ्यातल्या त्या हॉलमध्ये स्टेजमागे हा एवढा फ्लेक्स लावला होता. त्यावर तुझ्या कादंबरीचं मुखपृष्ठ, म्हणजे चकचकीत चांदीचा बिल्ला आणि त्यावर दाढीवाल्या राजाचं मुंडकं. तू खाली कोपऱ्यात. कुठल्याशा लग्नातल्या ग्रुप फोटोतून तुला कापून काढला होता, खांद्यावर कुणाचा तरी हात तसाच राहिला होता. येणारा प्रत्येक जण समोरच्या टेबलावर फुलं वाहून हात जोडत होता आणि मला दिसत होतं की सगळे राजालाच हात जोडतायत.

मग भाषणं. पुण्याहून एक समीक्षक आले होते. ते म्हणाले, "या कादंबरीतली पणजी ही गुलामीलाच देव मानणाऱ्या आपल्या समाजाचं प्रतीक आहे." लोकांनी माना डोलावल्या. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. आपल्या पणजीचं प्रतीक झालं, दादा, आणि ते तू केलंस. सूत्रसंचालकाने मला बोलावलं आणि कानाशी येऊन सांगितलं, "ताई, दोनच मिनिटं, आणि फक्त आठवणी सांगा. कादंबरीवर मान्यवर बोलतीलच." मी माइकवर म्हटलं, "मग रडायचं कामही मान्यवरांनाच द्या," आणि खाली उतरले. तू असतास तर तोंडावर रुमाल धरून हसला असतास. नव्हतास, म्हणून माझा राग तसाच्या तसा माझ्याबरोबर बाहेर आला.

तो तुझ्यावरच काढणार आहे. दुसरं कोण आहे?

तुला सगळं माहीत आहे, तरी पुन्हा सांगते, कारण तू नीट ऐकलंच नव्हतंस. आपला पणजोबा गोऱ्यांच्या पलटणीतून बसऱ्याला लढाईवर गेला आणि परत आला नाही. त्याच्याऐवजी पुष्कळ दिवसांनी टपालाने एक डबी आली. डबीत चांदीचा बिल्ला, लढाईचं पदक. एका अंगाला राजाचं तोंड, दुसऱ्या अंगाला घोड्यावर बसलेला उघडाबंब माणूस. ना प्रेत, ना राख. आपल्याकडे जो पुरुष घराबाहेर मरतो किंवा बिनलग्नाचा जातो, तो वीर होतो. त्याचा चांदीचा टाक घडवायचा, घोड्यावर बसलेला, म्हसवडला सिद्धनाथाच्या भेटीला न्यायचा आणि आणून देव्हाऱ्यात बसवायचा. पणजीला सोनाराकडे जावंच लागलं नाही. घोडेस्वार सरकारनेच घडवून पाठवला होता. तिने घोडेस्वार वर केला, राजा खाली केला आणि बिल्ला देवात ठेवून दिला. झाला पणजोबा वीर.

तिथून पुढे घरातल्या प्रत्येक नवऱ्यामुलाच्या आणि भरतीला निघालेल्या प्रत्येक पोराच्या कपाळाला तो बिल्ला लागला. पणजोबा तलवार उपसून पडला, अशी कथा झाली. आपलं घर लढवय्यं झालं. वडील फौजेत, आपला थोरला भाऊ आबा फौजेत. आबा सुभेदार होऊन आला तेव्हा गावाने वेशीपासून वाजवत आणलं. आणि मधला तू. भरतीच्या मैदानावर तुझे पाय सपाट निघाले.

त्या दिवशी कॅनॉलच्या कडेला पाय पाण्यात सोडून बसला होतास. वडिलांनी तुला जेवायला हाक मारू दिली नव्हती, म्हणून मी परकराच्या ओच्यात भाकरी घेऊन आले होते. तू म्हणालास, "शकू, गोऱ्यानं कवातरी लिवून ठेवलं की ही माणसं लढाऊ. माप बी त्येनंच ठरवलं. तो गेला, आन् माप आपल्या बापाकडं ठेवून गेला." माझं तेव्हा वय काय होतं! मला एवढंच कळलं की तुला भूक लागली आहे. पण तुझी कादंबरी त्या पाण्यात सुरू झाली, हे मी कुठल्याही समीक्षकाच्या आधी सांगू शकते.

आणि त्याच सपाट पायांनी तू पुढे वडिलांसमोर उभा राहिलास, माझ्यासाठी. मला सांगलीला कॉलेजात जायचं होतं. वडील म्हणाले, पोरीच्या जातीला काय करायचंय. तू म्हणालास, "तिचं माप अजून कुणी घेतल्यालं न्हाई. जाऊ द्या तिला." माझी ट्रंक डोक्यावर घेऊन तू एसटीत चढलास. हॉस्टेलच्या दारात ट्रंक उतरवलीस आणि मागे न बघता निघालास, कारण तुला रडू येत होतं. मी आज चार शब्द लिहिते, ते त्या दिवसामुळे. हे मी कधी विसरले नाही आणि कुणाला विसरू दिलं नाही.

म्हणूनच तर चीड जास्त आहे. मला शिकवलंस आणि मलाच काही विचारलं नाहीस!

पाटबंधारे खात्यातून रिटायर झाल्यावर तू कादंबरीच्या मागे लागलास. आबाला विचारलंस. चुलत्यांना विचारलंस. माजी सैनिकांच्या पारावर दिवस काढलेस, थेट दिल्लीपर्यंत पत्रव्यवहार केलास. देव्हाऱ्यातला बिल्ला "फोटो काढून आनतो" म्हणून आबाकडून मागून नेलास आणि भिंग लावून त्याच्या कडेवरची इंग्रजी अक्षरं वाचलीस. पणजोबाचं नाव, तेही चुकीचं. पुढे 'ड्रायव्हर'. पुढे खेचरांच्या पलटणीचा नंबर. म्हणजे आपला पणजोबा घोड्यावर कधी बसलाच नव्हता. तो खेचरं हाकत होता आणि तापाने मेला होता.

ते तू लिहिलंस याबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. खेचराला पाणी पाजणारा माणूस नसेल तर तलवारवाले काय खाणार? ते प्रकरण वाचताना मी रडले. बसऱ्याच्या उन्हात तो खेचराच्या सावलीत बसून गावाकडच्या विहिरीचं पाणी आठवतो, ते पान मी अजून वाचते. आबाला मात्र ते सोसलं नाही. गावात कुणीतरी त्याला वाचून दाखवलं. त्याने तुला अंगणातच थांबवलं आणि म्हणाला, "फुडं या घरात पाय ठेवायचा न्हाई. सपाट असला तरी." बिल्ला तेव्हा तुझ्या खिशात होता, परत द्यायला आणलेला. तू तसाच मागे फिरलास. आबा पुढे सगळ्यांना सांगत राहिला की तू देव पळवलास.

माझं भांडण दुसऱ्या प्रकरणावरून. तू पहिली प्रत घेऊन सांगलीला माझ्याकडे आलास तो दिवस आठव. मी भाकरी थापत होते, भरीत तयार होतं. तू पुस्तक ओट्यावर ठेवलंस. मी मुखपृष्ठ पाहिलं आणि तव्यावरची भाकरी करपली.

"दादा, ह्ये तोंड उजळलं कुणी?"

"सराफानं. फोटोत काय बी दिसंना, शकू. लय काळं झालं हुतं."

"काळं झालं न्हवतं. काळं ठेवलं हुतं."

तू चष्म्यावरून बघत राहिलास. मग मी तुला सांगितलं, जे कुणीही बाई तुला सांगू शकली असती. घट बसायच्या आधी देव उजळायचं काम बायकांचं. पुरुष देवाला हात जोडतात, पण देव हातात घेऊन, उलटापालटा करून, चिंच लावून घासतात त्या बायका. मागच्या दारी नळाशी आजी बसायची, शेजारी मी. पहिल्या वर्षी मी बिल्ल्याची दुसरी बाजू घासायला घेतली तर आजीने माझ्या हातावर चापट मारली. म्हणाली, "घोडेवाला घास. ती बाजू ऱ्हाऊ दे. आत्याबाईंनी सांगून ठिवलंय, त्या मुडद्याचं तोंड कवा उजळायचं न्हाई. त्येनं माझा मालक न्हेला, म्हनायच्या. पडू दे पालथा, नाक घाशीत." आत्याबाई म्हणजे आजीची सासू, म्हणजे आपली पणजी. तिच्यानंतर आजीने, आजीनंतर आईने, आईनंतर वहिनीने राजाला एकदाही चिंच लावली नाही. शंभर वर्षं तो लाल फडक्यावर नाक घासत, काळाठिक्कर पडून होता. घरातले पुरुष वरून हात जोडत होते आणि छाती फुगवत होते. आणि तू लिहिलंस की अडाणी पणजी राजाला देव समजून पूजत राहिली. पान भरून लिहिलंस. तिला राजासमोर पदर पसरायला लावलास!

जेवता जेवता तू घास खाली ठेवलास आणि म्हणालास, "ही ऐकीव गोष्ट झाली, शकू. पुरावा काय?"

"पुरावा तू सराफाकडनं घासून आनलास की!"

तू हसलास. मला तेव्हा तुझं ते हसणं अजिबात आवडलं नाही. "बरं, दुसऱ्या आवृत्तीत बघू," म्हणालास आणि भरीत मागून घेतलंस. दुसरी आवृत्ती आली. तोच राजा, तेच पान, आतमध्ये छपाईच्या चार चुका तेवढ्या दुरुस्त केलेल्या. मी फोन केला. तू म्हणालास, प्रकाशकाला घाई होती. पुढच्या वेळी म्हणालास, कादंबरी ही कादंबरी असते. त्याच्या पुढच्या वेळी म्हणालास, "पणजी शहाणी निघाली तर माझा मुद्दाच बसत न्हाई गं." हे मात्र खरं बोललास. गोऱ्याने आपल्याला मापात बसवलं म्हणून जन्मभर जळत राहिलास आणि पणजीला तू तुझ्या मुद्द्याच्या मापात बसवलंस. हे वाक्य मी पुढच्या फोनसाठी राखून ठेवलं होतं. तेवढ्यात तू गेलास. भांडण अर्ध्यात टाकून जायची ही कुठली पद्धत?

दहाव्याला माहुलीच्या घाटावर आबा आला. काठी टेकत, इस्त्रीचा सदरा घालून. विधी होईपर्यंत गप्प बसला आणि मग पहिलं काय विचारलं असेल? "बिल्ला कुठाय?" भावाचं तोंड शेवटचं पाहायला आला नव्हता तो. मी म्हटलं, "आबा, बिल्ल्याचं मागनं बघू. दादा बिनलग्नाचा गेलाय. त्याचा टाक करून देवात बसवायला पायजे."

"ज्यानं देव पळवला त्येला देवात बसवू व्हय?"

"तुमी दार लावलं म्हनून त्याच्याकडं ऱ्हायला तो देव. पळवला न्हाई."

"शके, त्यो ह्या घराचा न्हवताच," आबा म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला.

मला ठाऊक आहे, तुझा टाकावर विश्वास नव्हता. तू म्हणाला असतास, चांदी वाया घालवू नकोस. माझाही फारसा नाही. पण एकदा पायावरून तुला वडिलांनी बाहेर काढलं, एकदा पुस्तकावरून आबाने. आता मेल्यावर तिसऱ्यांदा बाहेर? घर म्हणजे आपल्यात देव्हाराच, दादा. तिथे ज्याला जागा नाही तो त्या घरचा कुणी नाही. माझ्या भावाला कुणीही यावं आणि तू आमचा नाहीस म्हणावं, हे मी चालू देणार नव्हते. माझी लढाई एवढीच होती.

तर त्या शोकसभेतून उतरले ती तडक तुझ्या फ्लॅटवर गेले. किल्ली माझ्याकडेच होती. बिल्ला शोधायचा, आबाच्या अंगावर नेऊन टाकायचा आणि पुन्हा त्या दारात जायचं नाही, असं ठरवूनच गेले. तुझ्या टेबलावर शोधला, कपाटात शोधला. मला वाटलं, राजाला काचेत मढवून भिंतीवर लावला असशील. तो सापडला स्वयंपाकघरात, मिठाच्या बरणीशेजारच्या फळीवर. लाल फडक्यावर ठेवलेला. घोडेस्वार वर, लखलखीत. शेजारच्या वाटीत सुकून दगड झालेला चिंचेचा गोळा.

मी बिल्ला उलटा केला. राजा पुन्हा काळा पडला होता.

दादा, सराफाने चकचकीत करून दिलेलं ते तोंड आपोआप काळं पडलं असेल, मान्य. पण घोडेस्वार आपोआप उजळत नाही. तू त्याला घासत होतास. दर वर्षी, एकटा, नळाखाली, बायकांचं काम म्हणून ज्याच्याकडे तू आयुष्यात ढुंकून बघितलं नव्हतंस ते करत होतास. आणि दुसऱ्या बाजूला मुद्दाम हात लावत नव्हतास. पणजीने सांगितलं तसं. मी सांगितलं तसं. म्हणजे तुला पटलं होतं! केव्हाच पटलं होतं! आणि फोनवर मात्र "कादंबरी ही कादंबरी असते". मी त्या ओट्याला टेकून इतक्या मोठ्याने तुला शिव्या दिल्या की शेजारच्या बाई दार वाजवून बघून गेल्या. त्यांना वाटलं, मी शोक करते आहे. करतच होते.

"शकू, तुझं बरोबर होतं." एवढं म्हणायला तुझं काय जात होतं रे?

दुसऱ्या दिवशी गावाला गेले. आबा ओसरीवर खुर्ची टाकून बसला होता. मी बिल्ला त्याच्या हातात दिला. त्याने आधी कपाळाला लावला. मी म्हटलं, "आता उलटा करा." त्याने केला. चष्मा लावला. जन्मभर हात जोडलेल्या देवाची पाठ तो पहिल्यांदा बघत होता. मी त्याला सगळं सांगितलं, पणजीचं, आजीचं, चिंचेचं, तुझ्या फळीवरच्या वाटीचं. वहिनी आतून पाणी घेऊन आल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या.

"ह्ये मला कवा कुनी बोललं न्हाई," आबा म्हणाला.

"तुमी कवा इचारलं?" हे मी बोलले नाही. वहिनी बोलल्या. इतक्या वर्षांत त्यांना आबासमोर असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

आबाने राजाच्या काळ्या तोंडावरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "त्यो स्वता घासत हुता?" मी म्हटलं, "व्हय." त्याने बिल्ला मला परत दिला. ठेव म्हणाला नाही, ने म्हणाला नाही. तुझ्या टाकाबद्दल तर अवाक्षर नाही. मी चहा न घेता उठले. एसटीत बसले ती रागातच. या घरातले पुरुष हरल्यावर बोलायचंच बंद करतात, तूही त्यातलाच.

काल मी हट्टाने सराफ कट्ट्यावर गेले. म्हटलं, आबाने देवात बसवला नाही तर मी माझ्या घरी बसवीन, सांगलीत. माहेरचा वीर सासरच्या देव्हाऱ्यात ठेवला म्हणून जगबुडी होत असेल तर होऊ दे. सोनार म्हातारा होता. त्याने विचारलं, "वीराचा टाक ना? घोड्यावर काढू?" आणि मी अडकले. तुला घोड्यावर बसवायचं? तू हयातभर त्या खोट्या घोड्याशी भांडलास. पण वीर तर घोड्यावरच असतो. सोनार हत्यार हातात घेऊन थांबला होता. मी वहिनींना फोन लावला, आता काय करू विचारायला. फोन त्यांनी उचलला आणि पलीकडे कुणीतरी त्यांच्या हातातून काढून घेतला.

"घोडा नको म्हनावं," आबाचा आवाज. "लय भ्यायचा त्यो घोड्याला. म्हसवडच्या जत्रंत माझ्या कमरंला मिठी मारून रडत हुता. चालत काढा म्हनावं त्येला."

मी सोनाराला हातानेच थांब म्हटलं. मग तो खाकरला. "घट बसायच्या आधी आन. दोनी बी. उजळायला तूच ये."

तर दादा, तुझा टाक झाला. चालणारा माणूस, डोक्यावर ट्रंक. सोनाराला वाटलं ओझं आहे कसलं तरी. पाय मी मुद्दाम सपाट काढून घेतले. आबा तुला स्वतःच्या हाताने पणजोबाशेजारी बसवणार आहे. पुस्तकाबद्दल तो अजून रागावलेलाच आहे, आणि मीही आहे. तिसरी आवृत्ती निघाली तर ते पान बदलून घेतल्याशिवाय वारस म्हणून मी सही करणार नाही, हे तुझ्या प्रकाशकाला कळवलं आहे. मुखपृष्ठावर राजा नको, हेही.

आणि तू सुटलास असं समजू नकोस. आता दर वर्षी घट बसायच्या आधी मी मागच्या दारी नळाशी बसणार, तुला हातात घेणार आणि चिंच लावून तुझं तोंड घासणार. राखून ठेवलेलं ते वाक्य तेव्हा तुला ऐकवणार, आणि त्याच्यामागे बाकीची सगळी. तुझी मी दोन्ही अंगं उजळीन. पण हसायचं नाही, आणि पुरावा मागायचा नाही.